नियम चौदावा

क्लायपेडाच्या बंदरामागे, माशांना धुरी देणाऱ्या कारखान्यात,
दुसऱ्या मजल्यावर, देण्यांच्या टेबलाशी
जेनोवाइते शुक्रवारी निवृत्त होणार,
म्हणून सोमवारपासून मी तिला विचारते आहे:
जर काय, तर काय?

जर-तरवर घर चालत नाही, असं तीच म्हणायची.
आता अख्खं खातं चालवायचंय.

पडद्यावर तीन रिकामे रकाने.
पहिल्यात अट, दुसऱ्यात आकडा, तिसऱ्यात काय करायचं ते.
मी टाइप करते. ती काचेच्या पेल्यातला चहा फुंकते.

बर्फवाला: जुलैत बिल दुप्पट येतं, अडवू नकोस.
मीठवाल्याचा एक सातासारखा दिसतो,
सात दिसला की आधी गोदामात फोन.
पुठ्ठ्याचे खोके पाचशे युरोच्या आत असले तर जाऊ दे,
वर गेले तर खोके मोज, मग सही.
विजेचं बिल कोणाचंच ऐकत नाही, ते थेट सोड.

अकरा, बारा, तेरा.
मग ती थांबली.

रोमुआल्डास. लाकूड. धुरीसाठी आल्डरचं.
त्याचं बिल कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे येतं,
पेन्सिलीनं. नंबर नसतो, तो आपणच द्यायचा.
आणि पैसे त्याच दिवशी.
मी म्हटलं, बाकी सगळ्यांना तीस दिवस.
ती म्हणाली, त्याच दिवशी.
कारण?
कारणाचा रकाना आहे का तुझ्याकडे?

होता. ऐंशी अक्षरांचा.
त्यात तिला बसवायचा होता तो एक हिवाळा:
बँकेनं हात वर केलेले, भट्ट्या विझायला आलेल्या,
आणि हा माणूस चार महिने लाकूड टाकून जातोय
बिल न देता.
विचारलं तर म्हणायचा, कॅलेंडरची पानं संपलीत.

मी लिहिलं: जुनं देणं.
सत्तर अक्षरं उरली.

चाचणी म्हणून नियम मागच्या नऊ वर्षांवर चालवून पाहिला.
पडदा हिरवा झाला, खाली ओळींवर ओळी:
एकशेचाळीस. एकशेचाळीस. एकशेचाळीस.
बर्फ वाढला, मीठ वाढलं, आमचे पगारसुद्धा थोडेसे,
लाकूड तिथेच.
"पत्र लिहिलं होतं मी त्याला, बाबा रे भाव वाढव म्हणून,"
जेनोवाइते म्हणाली.
उत्तर पानामागेच आलं: पुढच्या वर्षी बघू.
तिनं ते फाइलला लावलं होतं,
बिलांच्या रांगेत, नंबर देऊन.

शुक्रवारी केक झाला. पेला ती घरी घेऊन गेली.

मंगळवारी नऊ वाजून चार मिनिटांनी नियम चौदावा जागा झाला.
स्कॅनरनं पानाच्या दोन्ही बाजू वाचल्या.
पुरवठादार: गेर्त्रूदा.
(आमच्या कॅलेंडरात रोज कुणाचं तरी नाव असतं, तो दिवस तिचा.)
रक्कम: सहा युरो बेचाळीस सेंट.
ती सूर्योदयाची वेळ होती.
नवा पुरवठादार आपोआप नोंदवला. मंजूर. पैसे आजच.

मी फोन केला. जेनोवाइते इतकी हसली
की मागे कुणाचा तरी कुत्रा भुंकायला लागला.
मग गप्प. मग म्हणाली,
"बरोबरच आहे की. तेही बिल कधीतरी यायचंच होतं."

गेर्त्रूदाला मी रद्द केलं.
रोमुआल्डासचे एकशेचाळीस हातानं पाठवले, दुपारच्या आत.
मग नियम उघडून
उरलेल्या सत्तर अक्षरांत भर घातली:
पान पालथं ठेवा. सूर्य मोजू नका.